पांढऱ्यावर खपल्या, काळ्यावर काहीच नाही

पत्राचा सारांश: सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा पुण्याला कंपनीत कामाला; घरी त्या, सासूबाई आणि दोन मुलं. बचत गटातून कर्ज काढून पाडव्याला त्यांनी बारामतीकडची एक संकरित एचएफ (होल्स्टीन, काळी-पांढरी) गाय घेतली. वैशाखात वैरण संपत आली तशी गाय ओढ्याकाठी, बांधाच्या कडेनं चरायला सोडू लागल्या. त्याच आठवड्यात शेजारीच राहणाऱ्या दिरांनी सामायिक बांधावरची घाणेरीची (टणटणीची) झुडपं तोडून फांद्या वाटेत टाकल्या होत्या. तीन-चार दिवसांत गाईनं वैरण सोडली. शेण घट्ट, डोळे पिवळे आणि सारखे गळणारे, उन्हात उभी राहीना. मग अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी वाळून तडकली, सडांना जखमा झाल्या, धार काढू देईना. कुणी लम्पी म्हणालं, कुणी नजर. सासूबाईंचं म्हणणं असं की गुराला विष कळतं, ते आपणहून घाणेरीला तोंड लावत नाही. भावकीनंच भरड्यात मिसळून चारली. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. एक दलाल निम्म्याहून कमी पैशात गाय न्यायला टपला आहे. ताई विचारतात: गाय विकू का? दिरांवर तक्रार करू का? आणि, मी तिला उन्हात बांधली म्हणून हे झालं का?

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो, त्यामुळे तातडीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचीड तापाचे जंतू सापडले नाहीत, यकृत बिघडल्याचं निदान झालं आणि गाय आता थोडा कडबा खायला लागली आहे, हे तुम्ही नंतर कळवलंत. ते वाचून फार बरं वाटलं. तरीही इथे सगळं सविस्तर लिहिते, कारण असा प्रसंग या उन्हाळ्यात तुमच्या एकटीवर आलेला नसणार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो तुम्ही पत्राच्या अगदी खाली, एका ओळीत लिहिलाय, पण सगळ्यात जास्त तोच तुम्हाला खातोय असं मला वाटलं.

नाही, ताई. सोलापूर जिल्ह्यातली हजारो गुरं वैशाखात उन्हात उभी असतात. पारा 42-43 अंशांवर जातो, ती धापा टाकतात, दूध कमी होतं. पण म्हणून त्यांची कातडी सोलून निघत नाही. तुमच्या गाईच्या बाबतीत आजार आधी यकृतात झाला होता, उन्हामुळे तो कातडीवर आला.

हे कसं घडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतील. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोणतंही रवंथ करणारं जनावर हिरवी वैरण खातं तेव्हा त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव पानांतल्या हरितद्रव्याचे तुकडे करतात. त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. निरोगी जनावरातही तो रोज तयार होतो आणि यकृत तो रक्तातून उचलून पित्तावाटे बाहेर टाकतं. घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची विषं असतात. ती यकृतावर घाव घालतात, पित्ताचा निचरा थांबतो. मग डोळे पिवळे होतात आणि फायलोएरिथ्रिन रक्तात साचत जाऊन कातडीपर्यंत पोचतं. तिथं त्याच्यावर ऊन पडलं की ते प्रकाशाची ऊर्जा शोषून आजूबाजूच्या पेशी जाळतं. काळ्या कातडीतलं रंगद्रव्य प्रकाशाला आत जाऊ देत नाही, म्हणून तुमच्या गाईचे काळे पट्टे शाबूत राहिले आणि पांढऱ्या पट्ट्यांवर, नाकपुड्यांवर, कासेवर, सडांवर खपल्या धरल्या. काळ्या-पांढऱ्याची सीमा जिथं आहे, नेमकी तिथंच जखम थांबते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ही सीमा इतकी स्वच्छ दिसत होती की पहिला संशय मला तिथेच आला. आपल्याकडच्या खिलारला हा त्रास एवढा ठळक दिसत नाही, कारण अंगावरचे केस पांढरे असले तरी खालची कातडी बहुधा काळसर असते. यकृत मात्र तिचंही तितकंच बिघडू शकतं. कातडीवर काही नाही म्हणून पिवळ्या डोळ्यांच्या खिलारकडे कुणी दुर्लक्ष करू नये.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. ते चुकीच्या जागेवरून आलेलं नाही. ज्या गुरांचा जन्म माळावर गेला, आईच्या मागं फिरत जी चरायला शिकली, ती बहुतेक वेळा घाणेरी टाळतातच. सासूबाईंनी आयुष्यभर अशीच गुरं पाहिली असणार. पण तुमची गाय गोठ्यात वाढली. मका, मुरघास, गोळीपेंड, सगळं तिच्या पुढ्यात येऊन पडायचं. बांधावरच्या दहा वनस्पतींतली कोणती खायची आणि कोणती सोडायची हे तिला कुणी शिकवलंच नाही. घाणेरीची बाधा जिथं जिथं होते तिथं दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: जनावर त्या भागात नवं असतं, आणि त्याला दुसरं खायला नसतं. तुमच्याकडे दोन्ही होत्या. त्यात दिरांनी तोडलेल्या फांद्या वाटेत, अगदी तोंडाच्या उंचीवर पडलेल्या.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना सांगून पाहा. मोठ्या गाईला अशी बाधा व्हायला चिमूटभर पाला पुरत नाही, काही किलो पोटात जावा लागतो. घाणेरीचा वास तुम्हाला ठाऊक आहे. तेवढा पाला भरड्यात कालवला तर पाटी गोठ्यात यायच्या आधी घरभर कळेल. तो रात्री गुपचूप चारला असेल ही शक्यता मला फार कमी वाटते. भुकेल्या गाईनं दोन-तीन दिवस वाटेतल्या फांद्या ओरबाडल्या, हे मला पटतं.

लम्पीची शंका गावात कुणी काढली तर त्यात त्यांचा दोष नाही. 2022 साली लम्पीनं महाराष्ट्रात जे केलं ते कुणी विसरलेलं नाही, आणि तेव्हापासून कातडीचा कुठलाही आजार म्हटलं की तेच नाव तोंडात येतं. पण लम्पीत भरपूर ताप येतो आणि अंगभर गोल, टणक गाठी उठतात. त्या कातडीचा रंग पाहत नाहीत. तो आजार चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांवाटे पसरतो. तुमच्या गाईचा त्रास दुसऱ्या जनावराला लागत नाही. शेजारच्या गोठ्यातल्या ज्या बाई तुमच्या दावणीकडे यायच्या थांबल्या आहेत, त्यांना हे तुम्ही निर्धास्तपणे सांगा. मात्र निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं, फोटोवरून नव्हे. संकरित गाईचे डोळे पिवळे होण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे गोचीड ताप, थायलेरिया, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे. बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या विषानंही यकृत खराब होतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय कुणी इंजेक्शन टोचत असेल तर त्याला थांबवा. गावात डॉक्टर येत नसतील तर 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी करता येते. सासूबाईंना देवऋषीकडे जाऊन अंगारा आणायचा असेल तर वाद घालू नका, आणू द्या. फक्त डॉक्टरांना बोलावणं त्याच्यासाठी एक दिवसही थांबता कामा नये.

दिवसांचा हिशोब यात का महत्त्वाचा, तेही सांगते. घाणेरी पोटात गेली की पोटाची हालचाल मंदावते, कधी थांबते. त्यामुळे खाल्लेला पाला तिथंच पडून राहतो आणि त्यातलं विष रक्तात जातच राहतं. चरणं थांबवलं तरी आजार वाढताना दिसतो, तो याच कारणानं. म्हणून डॉक्टर नळीवाटे पोटात सक्रिय कोळसा देतात. तो विष धरून ठेवतो. मात्रा वजनाच्या दर किलोला साधारण 5 ग्रॅम, म्हणजे 400 किलोच्या गाईला 2 किलो, भरपूर पाणी आणि क्षारांसोबत. तो मिळाला नाही तर बेंटोनाइट नावाची माती वापरतात. चुलीतला कोळसा कुटून पाजणं म्हणजे हा उपचार नव्हे. आणि काहीही असो, आजारी गाईचं तोंड वर धरून बाटलीनं औषध, तेल, ताक ओतू नका. ठसका लागला की ते फुप्फुसात उतरतं आणि यकृतातून वाचलेली गाय न्यूमोनियानं जाते. हे मी अनेक गोठ्यांत पाहिलं आहे आणि दर वेळी जीव तुटतो, कारण पाजणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

आता घरच्या काळजीबद्दल. तुम्ही लिहिलंत की गाय आजारी पडली म्हणून ओळखीच्यांच्या मळ्यातून तिच्यासाठी मुद्दाम ओला घास आणला, उसाचं वाढं आणलं. तुमची माया मला समजते. आजारी माणसाला आपण मऊ, ताजं खायला घालतो. पण वर सांगितलेलं आठवा: हिरव्यातलं हरितद्रव्य हेच त्या फायलोएरिथ्रिनचं मूळ. यकृत काम करत नसताना जितकं हिरवं पोटात जाईल तितकी कातडी जास्त जळणार. तिला सध्या हवी ती सुकी, पिवळी पडलेली वैरण. आणि ती आपल्या जिल्ह्याइतकी चांगली कुठं मिळते? मंगळवेढ्याच्या ज्वारीचा, मालदांडीचा कडबा हे या दिवसांत तिच्यासाठी सर्वांत योग्य खाणं आहे. बारीक कुट्टी करून थोडी थोडी, दिवसातून बऱ्याच वेळा द्या. पेंड आणि भरडा डॉक्टर सांगतील तेवढाच, कारण दुखावलेल्या यकृतावर जड खुराकाचा भार नको. पाणी मात्र सावलीत, थंड, कायम पुढ्यात.

सावलीच्या बाबतीत एक गैरसमज सर्रास दिसतो. हिरवी जाळी बांधली म्हणजे सावली झाली असं लोक धरून चालतात. जाळीतून भरपूर प्रकाश आत येतो आणि या आजारात तेवढाही पुरतो. तुमचा पत्र्याचा गोठा आहे, तो प्रकाश अडवतो, पण आत भट्टी होते. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचं पाचट टाका, ज्या बाजूनं तिरपं ऊन येतं तिकडं गोणपाट लावा आणि ते ओलं ठेवा. तिला पाय मोकळे करायला न्यायचं तर दिवस मावळल्यावर, आणि उजाडायच्या आत परत. किती दिवस? डोळ्यांचा पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत आणि डॉक्टर रक्त पाहून सांगतील तोपर्यंत. हे काही आठवडे चालू शकतं. मध्येच ती टवटवीत दिसली म्हणून बाहेर बांधलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

जखमांवर हळद, चुना, तंबाखू, गाडीचं जळकं तेल असं काही लावू नका. खपल्या ओढून काढू नका. मेलेली कातडी कडक होऊन आपोआप सुटते, कधी तळहाताएवढे तुकडे पडतात. बघवत नाही, पण खाली नवी कातडी आलेली असते. माश्या बसू न देणं सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर अळ्या पडतात. त्यासाठीचं मलम किंवा फवारा डॉक्टरांकडून घ्या. सडांच्या जखमांमुळे ती लाथ मारते, तरी कास भरलेली ठेवू नका, नाहीतर दगडी (कासेची सूज) होईल. कोमट पाण्यानं पुसून, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून, दोन्ही वेळा हळूच धार काढा. ते दूध डॉक्टर हो म्हणेपर्यंत डेअरीला घालू नका, मुलांना देऊ नका, वासरालाही पाजू नका. कर्जाचा हप्ता समोर असताना दूध ओतून देणं काय असतं याची मला कल्पना आहे. बचत गटाच्या ताईंना आत्ताच, हप्ता चुकायच्या आधी, परिस्थिती सांगा आणि डॉक्टरांचा कागद दाखवा. कर्जातून घेतलेल्या गाईचा विमा काढलेला असतो, असंही बऱ्याचदा होतं. पावत्या शोधा, कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक जुळवून पाहा आणि विमा असेल तर कंपनीला आजाराची खबर आजच द्या.

विकायचं का? ज्या दिवशी तुम्ही पत्र लिहिलंत त्या दिवशी गाय खात नव्हती आणि भीती खरी होती. घाणेरीची तीव्र बाधा झालेली जनावरं दगावतात, हे मी लपवणार नाही. पण आज ती खाते आहे, शेण सैल झालं आहे. या आजारात पोट पुन्हा चालू होणं ही सगळ्यात आशेची खूण. दलाल आत्ताच घाई करतो आहे, कारण दोन महिन्यांनी हीच गाय नव्या कातडीनं उभी राहिली तर तिची किंमत काय होईल हे त्याला तुमच्याआधी कळतं. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता विकू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिचं खाणं आणि रक्ताचा अहवाल पाहा. यकृत सावरलंच नाही, दूध परत आलंच नाही, तर तेव्हा विचार करता येईल, आणि तेव्हाही घेणाऱ्याला काय झालं होतं ते सांगूनच.

मेंढपाळ आणि शेळ्या राखणारे वाचक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. घाणेरी शेळ्या-मेंढ्यांनाही बाधते. आणि आपल्या माळावर सगळीकडं पसरणारा काटेरी सराटा, तोही मेंढ्यांच्या यकृतावर असाच परिणाम करू शकतो. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात, पाऊस पडून सराटा उगवतो आणि मग कडक उन्हात कोमेजतो तेव्हा मेंढ्यांचं डोकं सुजतं, कान लोंबतात, डोळे पिवळे होतात. वळिवानंतर मोठी उघडीप पडली आणि कळपातल्या मेंढ्या तोंड सुजून सावली शोधू लागल्या, तर त्यांना त्या रानातून लगेच हलवा.

राहिली तक्रार. जनावरावर मुद्दाम विषप्रयोग करणं हा गुन्हा आहे आणि तसा पुरावा असता तर मी तुम्हाला पोलिसांत जायलाच सांगितलं असतं. तुमच्या पत्रात पुरावा एकच आहे, वाटेत पडलेल्या फांद्या, आणि त्या दिवसाढवळ्या पडल्या होत्या. दिरांनी निष्काळजीपणा केला, हे खरं. तोडलेली घाणेरी वाळली तरी विषारी राहते, ती चरायच्या वाटेवर टाकायला नको होती. पण तुम्हीच लिहिलंत की त्यांच्या दोन शेळ्याही त्याच वाटेनं जातात. ज्याला विष घालायचं असतं तो आपल्या शेळ्यांच्या वाटेत घालेल का? हा प्रश्न सासूबाईंसमोर ठेवा, आरोप म्हणून नको, विचारायचं म्हणून. आणि मग दिरांकडे निरोप धाडण्याऐवजी तुम्ही स्वतः जा. नवरा येईपर्यंत थांबू नका. पुरुष आले की बोलणं बांधाच्या हद्दीवर घसरतं, असं मी फार वेळा पाहिलं आहे. जाऊबाईंना गोठ्यात बोलवा, पांढऱ्या आणि काळ्या कातडीतला फरक दाखवा, डॉक्टरांचा कागद दाखवा, आणि सांगा की त्यांच्या शेळ्यांनाही हाच धोका आहे. तुमच्यावर झालेला आरोप कुणी मागं घेतला तर कसं वाटेल, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही लिहिलंत की गेल्या पावसाळ्यात याच जाऊबाई तुमच्या धाकट्याला तापात दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. असं माणूस गाईपायी तोडू नका.

बांधाचं काम दोन्ही घरांनी मिळून करायचं आहे. घाणेरी नुसती तोडली की बुडातून दुप्पट फुटते, जाळली तरी बुंधा जिवंत राहतो. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ झाली की टिकावानं बुडाखालचा गड्डा उखडून काढावा लागतो, आणि तोही फळं धरायच्या आधी, कारण पक्षी ती काळी फळं खातात आणि बी बांधोबांध टाकतात. वर्षभर नवी रोपं दिसतील ती हातानं उपटा. मुलांना तिची हिरवी फळं तोंडात घालू देऊ नका, तीही विषारी असतात. मोकळ्या झालेल्या बांधावर शेवरी लावा. उन्हाळ्यात शेळ्यांना चार घास मिळतील. काय आणि किती लावायचं ते मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल. आणि उपटलेली झुडपं पडीक खड्ड्यात टाकून लगेच काट्यांनी झाका, कारण शेळ्या रात्रीच्या आत तिथं पोचतात.